खुणांची वही

मी गेली कित्येक वर्षं नेमकं काय काम करते, हे माझ्या आईला अजून नीट माहीत नाही. फोनवर तिला सांगितलंय, "बायकांच्या आरोग्याचं." ती विचारते, "म्हणजे सुया देतेस?" मी म्हणते, "नाही गं, लिहून घेते." एवढ्यावर ती खूश होते. सातवीत शाळा सुटलेल्या लेकीला कुणीतरी लिहायचं काम दिलं, हेच तिला पुष्कळ वाटतं.

आमचं गाव सिंधुदुर्गात, खाडीच्या काठाला. हायस्कूल पलीकडच्या तीरावर. मुलीला रोज होडीतून पाठवायची नाही असं घरात ठरलं, आणि सातवीनंतर मी घरी बसले. पुढे लग्न झालं आणि नवऱ्यामागून महाराष्ट्राच्या पार दुसऱ्या टोकाला आले. तो चंद्रपूरजवळच्या ऊर्जानगरच्या वीज केंद्रात कंत्राटी फिटर. गेटाबाहेरच्या चाळीत एक खोली. इथल्या बायका "मले, तुले, काऊन" म्हणायच्या आणि मी "मला, तुला, का" म्हटलं की हसायच्या. पहिलं वर्ष मी कोणाशी फारशी बोललेच नाही. कुलूप लावलं की तीनदा ओढून बघायचं, गॅस बंद केला की परत जाऊन बघायचं, असा माझा स्वभाव. घरापासून इतकं लांब आल्यावर तो वाढला.

मग मी डबे द्यायला लागले. क्वार्टरमधल्या एकट्या राहणाऱ्या इंजिनियर लोकांचे वीसेक डबे. कोणाचा कुठला हे विसरायची इतकी भीती, की प्रत्येक डब्यावर मी चिठ्ठी चिकटवायचे. माणसांची नावं लक्षात राहायची नाहीत, म्हणून खुणा लिहायचे. "हिरवं दार, भात कमी." "कुत्रा आहे, बाहेरूनच हाक." "जिन्यात सायकल, बिनतिखट." एकही डबा कधी चुकला नाही.

त्या चिठ्ठ्यांमुळेच बाईंनी मला पाहिलं. बाई म्हणजे चंद्रपूरच्या एका कॉलेजात समाजशास्त्र शिकवणाऱ्या प्राध्यापिका. वीज केंद्रातल्या कामगारांच्या घरी मुलाखती घ्यायला आल्या होत्या. एका क्वार्टरच्या दारात माझा डबा त्यांच्या हाती आला. त्यांनी चिठ्ठी वाचली आणि विचारलं, "हे अक्षर कोणाचं?" मला वाटलं, जेवणात काही निघालं. मी आधी माफी मागितली.

बाई हसल्या. म्हणाल्या, "मला लिहून घेणारी हवी आहे. आमच्या मुली एम.ए. झालेल्या आहेत, पण सगळ्या इथल्याच. कोणाची मावशी घुग्घुसला, कोणाची आत्या मूल गावाला. त्यांच्यासमोर बाया बोलत नाहीत. तुला इथे कोणी ओळखत नाही, हेच तुझं शिक्षण."

कामाचा विषय काय, ते त्यांनी सरळ सांगितलं. नवरा-बायकोंचे शरीरसंबंध. कोणाला काय हवं असतं, कोण विचारतं, कोण गप्प राहतं. माझे कान तापले. घरी नवऱ्याला मीही "आरोग्याचं काम" एवढंच सांगितलं.

बाईंची गोष्ट मला एस.टी.त तुकड्यातुकड्यांनी कळली. त्या परकोटाच्या आतल्या, जुन्या चंद्रपूरच्या. नोकरीच्या सुरुवातीला त्यांना कुटुंब नियोजनाची पाहणी दिली होती. किती मुलं, किती ऑपरेशनं, एवढेच रकाने. बाईंनी वरिष्ठांना विचारलं, "बाईला काय वाटतं याचा रकाना कुठे आहे?" तो नव्हता. मग त्यांनी आपली सगळी नोकरी त्या एका रकान्यात घातली. स्टाफरूममध्ये त्या आल्या की कोणीतरी म्हणायचं, "पंखा वाढवा जरा, गरम विषय आला." बढतीच्या एका मुलाखतीत एका सरांनी विचारलं होतं, "आपण अविवाहित. आपल्याला यातलं काय कळणार?" बाई म्हणाल्या, "तुरुंगाचा अभ्यास करणारे काही चोऱ्या करून येत नाहीत." ती बढती त्यांना मिळाली नाही. पण हे सांगताना त्या इतक्या हसल्या की कंडक्टरनं वळून पाहिलं.

आणि तेच स्टाफरूममधले लोक, एकेकटे, दार लोटून त्यांच्याकडे यायचे. "बाई, एक विचारायचं होतं. माझ्या मित्राचा प्रश्न आहे." बाई म्हणायच्या, या जिल्ह्यात मित्रांना फार प्रश्न पडतात.

पहिलं काम घुग्घुसला. खाणीत आणि सिमेंटच्या कारखान्यात पाळ्यांनी जाणाऱ्यांची घरं. आम्ही प्लास्टिकच्या खुर्च्यांवर समोरासमोर बसायचो, बाई विचारायच्या, आणि समोरची म्हणायची, "सारं चांगलं आहे." दहा घरं, दहादा सारं चांगलं. अकराव्या घरी एक बाई मेथी निवडत होती. मला रिकामं बसवेना. मी तिच्या बाजूला खाली बसले आणि एक जुडी ओढून घेतली. ती माझ्याकडे न बघता मेथीला सांगावं तसं बोलायला लागली. नवरा रातपाळीहून येतो तेव्हा ती डबा भरत असते, तो निजतो तेव्हा ती कामाला जाते, एका घरात दोघं भाडेकरू असल्यासारखे. मग पानं खुडता खुडता म्हणाली, "इतक्या वर्षांत एकदाच त्यानं इचारलं, तुले बरं वाटते काय? त्या दिवशी मी भाजीत दोनदा मीठ टाकलं."

बाई खुर्चीवरून उठून आमच्याजवळ येऊन बसल्या. त्यांनीही एक जुडी घेतली. त्यानंतर आम्ही कधीच समोर बसलो नाही. बाजूला बसायचं, हाताला काम घ्यायचं, नजर कामावर ठेवायची. बाईंनी पुढे एका सभेत सांगितलं की ही पद्धत माझी आहे. मी मागच्या रांगेत घामाघूम.

पुढच्या उन्हाळ्यात आम्ही गडचिरोलीकडच्या जंगलातल्या एका गावात गेलो. त्याचं नाव मी लिहिणार नाही. का, ते कळेलच. तेंदूपत्त्याचे दिवस होते. पहाटे बाया जंगलात जाऊन पानं तोडून आणायच्या, दुपारी अंगणात बसून त्यांचे पुडे बांधायच्या आणि संध्याकाळी फळीवर, म्हणजे पानं जमा करायच्या जागी, नेऊन द्यायच्या. पुडे बांधायला आम्हीही बसायचो. माझे पुडे सुटायचे. बाया म्हणायच्या, "कोकणवाल्या बाईचा पुडा म्हणजे खुल्ला बाजार."

तिथे एकाच अंगणात समोरासमोर दोन जावा राहायच्या. मोठी दहावी शिकलेली, गावातल्या बायांचे अर्ज तीच लिहायची, जीभ धारदार. तिचा नवरा फळीवर पुडे मोजायला बसायचा. धाकटीचा नवरा दोन वर्षांपूर्वी वीज पडून गेला होता. धानाचं वावर दोघा भावांच्या नावावर एकत्र होतं, वाटणी झालेली नव्हती, आणि त्याच वावरावर धाकटी जगत होती. नवरा गेल्यापासून जावांमध्ये अबोला. कशावरून, ते दोघींनाही धड आठवत नसावं.

धाकटीनं बाईंच्या रेकॉर्डरला नकार दिला. "डब्बीत मी बोलत नाई. तुमी आयका आन् मंग लिवा." ती पानं जुळवत बोलत राहिली. आठवडी बाजारात सायकली दुरुस्त करणारा एक माणूस आहे. तो तिला चहा पाजतो, तिचं ऐकून घेतो. आणि बाकीचंही आहे. "मी चाळिसाची झाली. लोक म्हणतात, आता काय उरलं. मले त आता कुठी समजलं का आंग म्हणजे काय असते." हे सांगताना तिनं बांधलेला पुडा असा घट्ट होता की मला तो सोडवता आला नसता. शेवटी म्हणाली, "भासऱ्याले कळलं त मले घरातून काढन. नाव नका लिवजा." भासरा म्हणजे मोठा दीर, मोठीचा नवरा.

मी म्हटलं, "नाव नाही लिहिणार. शप्पथ."

नाव लिहायचं नाही, हा बाईंचा पहिला नियम. प्रत्येक बाईला फक्त आकडा. पण मला भीती, सातवरची बाई आठवर गेली तर? म्हणून मी माझ्यापुरती एक वही केली होती. आकडा, त्याखाली एका ओळीत खूण, त्याखाली ती जे बोलली ते. अगदी डब्यांसारखं.

दुसऱ्या दिवशी सकाळी चंद्रपूरला बाईंच्या घरी पिशवी उपसली तर वही नाही. तीनदा पिशवी उलटी केली. आणि आठवलं. काल शेवटी वारं सुटलं म्हणून मी वही पानांच्या ढिगाखाली सारली होती, आणि एस.टी.ची वेळ झाली म्हणून धावत सुटले होते. त्या ढिगाचे पुडे संध्याकाळी पोत्यात भरून फळीवर जाणार होते. जिथे मोठीचा नवरा मोजायला बसतो.

बाईंनी चहा तसाच ठेवला. पुढच्या गाडीत आम्ही बसलो होतो. शहर मागे पडल्यावर त्यांनी विचारलं, "नावं नाहीत ना त्यात?"

"एकही नाही बाई. तुम्ही सांगितलं होतं."

त्यांनी डोळे मिटून श्वास सोडला. मग त्यांना काहीतरी सुचलं. "मग ओळखायचीस कशी?"

"खुणा लिहिल्यात."

"कसल्या?"

मला पाठ होतं. मी म्हणून दाखवलं. "चिंचेजवळचं घर, दारात निळं पिंप. नवरा वीज पडून गेला. समोरच्या जावेशी अबोला."

बाई हळूच म्हणाल्या, "अगं, त्यापेक्षा नाव लिहिलं असतंस तर बरं. त्या नावाच्या गावात चार जणी तरी निघाल्या असत्या."

तेव्हा मला कळलं मी काय केलंय. तोवर माझी समजूत होती की मी नियम पाळला. माझ्यासाठी त्या खुणा नुसत्या चिठ्ठ्या होत्या, कारण मी परकी होते. गावातल्या माणसाला ती ओळ म्हणजे बोट दाखवणं होतं. आणि एकटी धाकटीच नाही, अशा अकरा जणी होत्या त्या वहीत. मी म्हटलं, "बाई, मला कामावरून काढा. पण आधी वही शोधू. सापडली तर तिला सांगायची गरजच पडायची नाही."

"सापडली तरी सांगायचं," बाई म्हणाल्या. "गोष्ट तिची आहे. आपण फक्त सांभाळायला घेतली होती. आणि पहिल्यांदा तिलाच सांगायचं."

आम्ही पोचलो तेव्हा धाकटी अंगणात पुडे बांधत होती. अंगण झाडलेलं, कालचा ढीग गेलेला. बाई तिच्या बाजूला बसल्या, पण या खेपेला हातात पान घेतलं नाही. सगळं त्यांनीच सांगितलं, "माझी चूक झाली" असं म्हणून. मी म्हटलं, "नाही, माझी." धाकटीचे हात थांबले.

"नाव त नाई लिवलं ना?"

मी तिलाही ती ओळ म्हणून दाखवली. त्याहून वाईट क्षण माझ्या आयुष्यात दुसरा नाही.

"हे त आंधळाबी ओळखन," ती म्हणाली. तिनं हातातलं पान पालथं केलं, परत सुलटं केलं. "काल फळीवरून आले त भासरे काई बोलले नाई. त्याईचं न बोलणंच वाईट असते. वावर गेलं समजा. मंग मी कुठी जाऊ?"

कालचा ढीग होता ती जागा मी पुन्हा हातानं चाचपली.

समोरच्या घरातून मोठी बाहेर आली. पदर खोचलेला, हाताला तांदळाचं पीठ. अंगणाच्या मध्यापर्यंत आली आणि धाकटीकडे न बघता माझ्याकडे बघून म्हणाली, "वही पाह्यता काय?"

मी मान हलवली. ती आत गेली आणि वही घेऊन आली. "काल मायी पानं कमी पडली म्हणून या ढिगातली दोन मुठी उचलाले गेली, त खाली हे. पोत्यात गेली असती त आमच्या याईनं फळीवर मोठ्यानं वाचून दाखवली असती. त्याईले वाचाची लय हौस."

बाईंनी वही उघडली. पहिल्या पानावर आकड्याखालची ओळ काळीकुट्ट होती. बॉलपेन इतकं गिरवलं होतं की कागद फाटायला आला होता. दुसऱ्या पानावर तसंच. तिसऱ्यावर तसंच. अकराही पानांवर खुणेची ओळ खोडलेली, खालचा मजकूर जसाच्या तसा.

"एक पेन संपला माया," मोठी म्हणाली. मग माझ्याकडे वळून, "काऊन वो बाई, नाव नाई लिवाची अक्कल आहे, आन् पिंपाचा रंग लिवता? आमच्या गावात निळं पिंप एकच आहे. धा वर्षांपासून."

"चुकलं," मी म्हटलं.

"आन् मले तोंडाळ लिवलं."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तिची मुलाखत मी आदल्या आठवड्यात घेतली होती आणि खुणेत लिहिलं होतं, "मोठं घर, समोरचं, तोंडाळ." बाईंनी ते पान काढलं. "मोठं घर, समोरचं" खोडलेलं. "तोंडाळ" शाबूत.

"ते ठेवलं," मोठी म्हणाली. "त्यानं कोनी ओळखत नाई. या गावात तोंडाळ बाया सतरा आहेत." मग थोडं थांबून, "मी वरच्या वळीच पाह्यल्या. खालचं काईच वाचलं नाई. मले काय करा लागते लोकायच्या घरचं."

बाई पानं उलटत राहिल्या आणि धाकटीचं पान आलं. खुणेची ओळ खोडलेली होतीच. पण पानाच्या मधोमध, आठव्या-नवव्या ओळीतही दोन काळे ठिपके होते. जिथे मी "सायकल" लिहिलं होतं तिथे एक. जिथे "बाजार" लिहिलं होतं तिथे दुसरा.

मी पाहिलं. बाईंनी पाहिलं. धाकटीनं वही ओढून घेतली. तिला अक्षर लावत लावत वाचता येतं. तिनं त्या दोन ठिपक्यांवरून बोट फिरवलं. मोठी तेव्हा उगीचच चिंचेकडे बघत होती.

धाकटी उठली. दोन वर्षांत पहिल्यांदा ती जावेशी बोलली. "चाय मांडू काय?"

"साखर असन त मांड," मोठी म्हणाली.

परतीच्या गाडीत मी पुन्हा म्हटलं, मला काढा. बाई म्हणाल्या, "मी तुला नियम सांगितला, नियमाचं कारण नाही सांगितलं. पंचवीस वर्षं मुलांना हेच शिकवते की कारण सांगा. आणि घरची लिहिणारी मिळाल्यावर मीच विसरले." मग त्यांनी एस.टी.तच मला शिकवायला घेतलं. माणसाची ओळख नावात किती थोडी असते, आणि पिंपात, चिंचेत, गेलेल्या नवऱ्यात किती. काय गाळायचं, काय बदलायचं, बदलूनही खरं कसं ठेवायचं. मूलचा स्टँड येईपर्यंत त्या बोलत होत्या. कॉलेज म्हणतात ते माझं तेवढंच झालं, एका एस.टी.त. पण झालं. खुणांची वही मी त्यानंतर केली नाही. या लिहिण्यातही चिंच चिंच नाही आणि सायकल सायकल नाही. आकडेसुद्धा मी हलवलेत. तुमच्या ओळखीचं गाव वाटलं तर ते नव्हे.

घरी आल्यावर मी नवऱ्याला पहिल्यांदा माझं काम खरं काय आहे ते सांगितलं. घुग्घुसची मेथीवाली बाई काय म्हणाली तेही. जेवताना तो म्हणाला, "आज मीठ बरोबर आहे." मग मान खाली घालून, "म्हणजे मी अजून विचारलेलं नाही." आम्ही दोघं हसलो. नंतर त्यानं विचारलं. पुढचं मी लिहीत नाही, बाईंनी शिकवलंय तसं.

बाई निवृत्त झाल्या त्या वर्षी त्यांचं पुस्तक आलं. बायांचे शब्द त्यांच्याच बोलीत, नावगाव काही नाही. सुरुवातीला आभारांत माझं नाव छापायचं म्हणून बाई अडून बसल्या. मी नको म्हटलं. "बाई, मी कुठे कुठे फिरले ते लोकांना माहीत आहे. माझं नाव दिसलं की रस्ता दिसला." बाई म्हणाल्या, "आता तू मला शिकव." आभारांत माझ्यासाठी एक ओळ आहे. ती मला एकटीलाच ओळखता येते. स्टाफरूममधल्या तीन जणांनी पुस्तक विकत घेतलं, कव्हर घालून.

एक प्रत घेऊन मी त्या गावी गेले. धान लावायचे दिवस होते. दोघी जावा एकाच बांधीत, म्हणजे धानाच्या खाचरात, वाकलेल्या होत्या. वावराची वाटणी झाली होती. धाकटीनं मला बांधावर सांगितलं की मोठीच नवऱ्याच्या मागे लागली, कागद करा म्हणून. का लागली, ते मी विचारलं नाही, तिनंही सांगितलं नाही. बाजाराच्या दिवशी ती अजून बाजाराला जाते. त्या दिवशी तिची जनावरं मोठी सांभाळते आणि दिवसभर कुरकुरते.

हात धुऊन दोघी बांधावर बसल्या. मोठीनं पुस्तक मांडीवर घेतलं. "मी कुठी आहे?" तिनं चाळलं, मागून पुढे, पुढून मागे. पाऊण तास ती स्वतःला शोधत होती. "मी त नाईच याच्यात," शेवटी म्हणाली. तिचं वाईट वाटणं आणि बरं वाटणं एकाच चेहऱ्यावर होतं.

"आहात," मी म्हटलं. "सगळ्याजणी आहात."

तेवढ्यात एका पानावर तिचं बोट थांबलं. तिनं मोठ्यानं वाचलं. नवऱ्यानं इतक्या वर्षांत एकदाच विचारलं, तुले बरं वाटते काय, आणि त्या दिवशी भाजीत दोनदा मीठ पडलं.

"हे मी बोलली," मोठी म्हणाली.

"तू नाई बोलली, मी बोलली," धाकटी म्हणाली. "तुया घरी कवा भाजी खारट झाली?"

"तुया नवऱ्यानं कवा इचारलं?"

"मी नवऱ्याचं कुठी म्हणून राह्यली?"

मोठीनं पुस्तकावरून मान वर केली. मग पदर तोंडाला लावून इतकी हसली की पुस्तक चिखलात पडता पडता मी झेललं. त्या ओळीवरून दोघींचं भांडण धानाची जुडी हातात घेईपर्यंत चाललं होतं. ती ओळ कोणाची ते मी सांगितलं नाही. बाजूला बसले आणि एक जुडी मीही उचलली.